माती टाकण्याआधी: सोसायटीत किंवा शेडला भूमिगत केबल टाकणाऱ्यांसाठी

दोन वर्षांपूर्वी जुलैतल्या एका रात्री आमच्या सोसायटीच्या मागच्या इमारतीची वीज गेली. मीटर रूममधला एमसीसीबी (मुख्य ब्रेकर) चढवला की लगेच पडायचा. वायरमनने मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावला, तर एक फेज आर्मरला, म्हणजे केबलच्या पोलादी कवचाला, थेट चिकटलेला, आकडा शून्य. केबल जमिनीत गेली होती. पण कुठे, हे कुणालाच सांगता येईना. बिल्डरने केबल कुठून नेली याचा एक कागदही सोसायटीकडे नव्हता.

पुढचे नऊ दिवस लिफ्ट बंद, पंप जनरेटरवर आणि तात्पुरती केबल कंपाउंडच्या भिंतीवरून. शेवटी फॉल्ट शोधणारी गाडी आणली. बागेच्या कडेला खणलं तेव्हा जेमतेम दीड फुटावर केबल सापडली आणि तिच्यावर नुसती काळी टेप गुंडाळलेला एक जॉइंट. टेप ओढली तर आतून पाणी गळलं.

नवी केबल टाकायचं काम सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे आलं. मी इंजिनिअर नाही. ठेकेदाराला, वायरमनला, केबल विकणाऱ्याला विचारत आणि तक्ते वाचत शिकलो. त्या दोन महिन्यांत जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय. सोसायटी असो, शेतघर असो की एमआयडीसीतली छोटी शेड, मीटरपासून पुढच्या एलटी (कमी दाबाच्या) केबलचं काम असंच चालतं. एचटी (उच्च दाबाच्या) केबलबद्दल थोडंच लिहिलंय, कारण ते काम वेगळ्या माणसांचं आहे.

### १. आधी केबलचा एक तुकडा कापून बघा

जुन्या केबलचा हातभर तुकडा मी घरी आणला आणि हॅकसॉने कापून टेबलावर सोलला. तुम्हाला जमलं तर हे जरूर करा. दुकानदाराकडे नव्या केबलचे नमुन्याचे तुकडे असतातच. एकदा थर डोळ्यांनी पाहिले की कोटेशनमधला प्रत्येक शब्द समजायला लागतो.

सर्वांत बाहेर काळं पीव्हीसीचं आवरण. ओल, माती आणि खतातली रसायनं यांच्यापासून हे केबलला वाचवतं. वाळवी आणि उंदरांना रोखणारं मिश्रण याच थरात घालून मिळतं. शेतात किंवा बागेत टाकणार असाल तर ते मागून घ्या.

त्याखाली आर्मर, म्हणजे जस्त चढवलेल्या पोलादी पट्ट्या किंवा गोल तारा, केबलभोवती पिळलेल्या. फावड्याचा घाव आणि वरून जाणाऱ्या वाहनाचा दाब हे सोसतं. याचं दुसरं काम लोक विसरतात. आत कुठे फेज फुटला तर करंट याच आर्मरमधून अर्थिंगकडे जातो आणि ब्रेकर पडतो. आर्मर दोन्ही टोकांना नीट अर्थ केलेलं नसेल तर ते जिवंत होऊन बसू शकतं. आमच्या तुकड्यात पट्ट्या इतक्या गंजल्या होत्या की बोटाने दाबल्यावर भुगा झाला.

त्याच्या आत आतलं आवरण. कोअरना (इन्सुलेशन चढवलेल्या आतल्या तारांना) गोलाकारात धरून ठेवतं आणि आर्मरच्या कडा कोअरला लागू देत नाही. मग कोअर. मोठ्या मल्टीकोअर केबलमध्ये कंडक्टर गोल नसतो, पिझ्झाच्या फोडीसारखा असतो, म्हणजे चारही कोअर कमी जागेत घट्ट बसतात. कोअरवर इन्सुलेशन, आणि अगदी गाभ्यात अॅल्युमिनियम किंवा तांबं. आमच्या केबलच्या गाभ्यात पांढरी भुकटी होती. पाणी शिरलं की अॅल्युमिनियम असं खाल्लं जातं.

### २. केबलची अक्षरं वाचायला शिका

कोटेशनमध्ये "ए२एक्सएफवाय साडेतीन कोअर १२०" असं काहीतरी असतं. १२० म्हणजे कंडक्टरचं छेदाचं क्षेत्रफळ, स्क्वेअर एमएममध्ये; पुढे मी त्यालाच जाडी म्हणतोय. अक्षरं आतून बाहेर वाचायची.

- ए म्हणजे अॅल्युमिनियम. सुरुवातीला ए नसेल तर कंडक्टर तांब्याचा.
- २एक्स म्हणजे एक्सएलपीई इन्सुलेशन. त्या जागी वाय असेल तर पीव्हीसी.
- एफ म्हणजे चपट्या पट्टीचं आर्मर, डब्ल्यू म्हणजे गोल तारेचं.
- शेवटचा वाय म्हणजे पीव्हीसीचं बाहेरचं आवरण.

म्हणजे "ए२एक्सवाय" असं लिहिलं असेल तर मधलं अक्षर गायब आहे, केबलला आर्मर नाही. मला आलेल्या चार कोटेशनपैकी सर्वांत स्वस्त कोटेशनमध्ये हेच होतं. आकडे शेजारी ठेवून तुलना करत बसलो असतो तर ते एक अक्षर सुटलं असतं. थेट मातीत पुरायच्या केबलला आर्मर हवंच.

साडेतीन कोअर म्हणजे तीन पूर्ण फेज आणि साधारण अर्ध्या जाडीचा न्यूट्रल. ७० ला ३५, १२० ला ७०, २४० ला १२०. तिन्ही फेजवर लोड सारखा असेल तर न्यूट्रलमध्ये करंट कमी जातो, म्हणून ही काटकसर चालते. पण जिथे लोड मुख्यतः कॉम्प्युटर, एलईडी दिवे आणि इन्व्हर्टरचा आहे तिथे न्यूट्रल तापतो, कारण तिन्ही फेजमधले काही हार्मोनिक करंट तिथे एकमेकांना कापत नाहीत, त्यांची बेरीज होते. अशा ठिकाणी पूर्ण चार कोअर घ्या.

### ३. कुठली केबल कुठे

पीव्हीसी की एक्सएलपीई. दोन्ही ११०० व्होल्टपर्यंतच्या. पीव्हीसीचं मानक आयएस १५५४ भाग १, एक्सएलपीईचं आयएस ७०९८ भाग १. फरक उष्णता सोसण्यात आहे. पीव्हीसीचा कंडक्टर सतत ७० अंशांपर्यंत तापलेला चालतो, एक्सएलपीईचा ९० अंशांपर्यंत. शॉर्ट सर्किटच्या क्षणभरासाठी पीव्हीसीची मर्यादा १६० अंश, एक्सएलपीईची २५०. एक्सएलपीई म्हणजे पॉलिथिनच, पण त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या, त्यामुळे तापल्यावर ते वितळून वाहत नाही. त्याच जाडीत जास्त करंट मिळतो. आज नवी केबल टाकताना पीव्हीसी घ्यायला मला तरी कारण दिसत नाही. एक काळजी घ्या: एक्सएलपीईला ऊन सोसत नाही. पॅनलबाहेर उघडे राहणारे कोअर स्लीव्हने झाका.

तांबं की अॅल्युमिनियम. तांब्यातून वीज सोपी जाते, त्यामुळे जाडी कमी लागते. पण किमतीचा फरक मोठा आणि चोरीची भीती वेगळी. लांब मुख्य केबलला अॅल्युमिनियम, पंपाजवळच्या छोट्या आणि हलणाऱ्या जोडण्यांना तांबं, ही विभागणी बहुतेक ठिकाणी बरोबर बसते.

मल्टीकोअर की सिंगल कोअर. एलटीला मल्टीकोअर घ्या. फार मोठ्या करंटसाठी सिंगल कोअर वापरतात, पण तिचं शास्त्र वेगळं आहे. एकट्या फेजभोवती पोलाद आलं की चुंबकत्वाने ते पोलादच तापतं. म्हणून सिंगल कोअरला आर्मर अॅल्युमिनियमचं देतात आणि तिन्ही फेज वेगवेगळ्या लोखंडी पाइपांतून कधीही नेत नाहीत. ही चूक एका शेडमध्ये मी पाहिली आहे. पॅनलच्या लोखंडी पत्र्याला तीन वेगळी भोकं पाडून तीन कोअर आत घेतले होते आणि पत्र्याला हात लावता येत नव्हता.

एचटी. मोठ्या सोसायटीला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर बसवायचा असेल तर ११ किंवा २२ केव्हीची केबल येते. तिचं मानक आयएस ७०९८ भाग २. तिच्यात कंडक्टरवर आणि इन्सुलेशनवर काळे अर्धवाहक थर असतात आणि वर तांब्याची पट्टी. हे थर विजेचा ताण इन्सुलेशनमध्ये सगळीकडे सारखा पसरवतात. एक छोटा ओरखडा किंवा थोडी ओल राहिली तर तिथून वर्षानुवर्षं झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक भेगा वाढत जातात आणि एक दिवस केबल फुटते. तिचा जॉइंट आणि टर्मिनेशन प्रशिक्षित जॉइंटरकडूनच करून घ्या. जुन्या मुंबईसारख्या शहरांत कागद, तेल आणि शिशाच्या आवरणाच्या केबलही सापडतील. खोदताना तशी दिसली तर हात न लावता वीज कंपनीला कळवा.

### ४. जाडी ठरवणं: दोन हिशेब, एक नाही

इथे बहुतेक लोक फसतात, म्हणून जरा थांबून वाचा.

पहिला हिशेब करंटचा. आमच्या मागच्या इमारतीचा लोड लिफ्ट, पंप, एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण) आणि कॉमन दिवे धरून ६० किलोवॉट. ४१५ व्होल्ट आणि ०.८५ पॉवर फॅक्टरला हा सुमारे १०० अॅम्पियर होतो. निर्मात्यांच्या तक्त्यात ७० स्क्वेअर एमएमची अॅल्युमिनियम एक्सएलपीई केबल जमिनीत याच्या दीडपट करंट आरामात घेते. ठेकेदार म्हणाला, ७० पुरे.

दुसरा हिशेब व्होल्टेज ड्रॉपचा. तो लांबीवर अवलंबून असतो आणि कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही. ७० च्या अॅल्युमिनियम कंडक्टरचा रेझिस्टन्स २० अंशांना किलोमीटरला ०.४४३ ओहम. ९० अंशांना तो सुमारे २८ टक्क्यांनी वाढून ०.५६७ होतो. आमची लांबी १५० मीटर, म्हणजे ०.०८५ ओहम. याला १०० अॅम्पियर आणि १.७३२ ने गुणा: सुमारे १४.७ व्होल्ट. ४१५ मधले साडेतीन टक्के केबलमध्येच गेले. आणि पंप सुरू होताना करंट कितीतरी पट उसळतो, तेव्हा दिवे मंदावणारच.

हाच हिशेब १२० च्या केबलला लावला. तिचा रेझिस्टन्स २० अंशांना किलोमीटरला ०.२५३, तापल्यावर तोही तितक्याच टक्क्यांनी वाढतो. ड्रॉप ८.४ व्होल्ट, म्हणजे दोन टक्के. (केबलचा रिअॅक्टन्स यात धरलेला नाही. या जाडीला त्याने फार फरक पडत नाही, ३०० किंवा ४०० च्या केबलला पडतो.)

मग पुढच्या दहा वर्षांचा विचार केला. इलेक्ट्रिक गाडीचा ३२ अॅम्पियरचा घरगुती चार्जर ७.४ किलोवॉट घेतो. सहा चार्जर म्हणजे ४४ किलोवॉट. एकूण १०४ किलोवॉटला करंट १७० अॅम्पियर. ७० ची केबल त्या दिवशी बदलावी लागली असती, १२० ची तरते. चर खणण्याचा आणि फरशा पुन्हा बसवण्याचा खर्च दोन्हींना सारखाच येतो, हे लक्षात आलं आणि समितीने १२० मंजूर केली.

तक्त्यातला करंट वापरताना त्याच्या अटी वाचा. भारतीय तक्ते जमिनीचं तापमान ३० अंश आणि एलटी केबलची खोली ७५ सेंटिमीटर धरतात, आणि चरात एकटीच केबल आहे असं मानतात. शेजारी तीन केबल टाकल्या, किंवा सगळी केबल पाइपातून नेली, की क्षमता कमी होते. जमीन कोरडी झाली की उष्णता बाहेर जात नाही. काळ्या मातीत एप्रिल-मेमध्ये भेगा पडतात तेव्हा केबल सर्वांत जास्त तापलेली असते. म्हणून काठावरची जाडी घेऊ नका.

### ५. कागदपत्रं

एका फायलीत हे जमवा. काम सुरू होण्याआधी सगळं हातात असलं पाहिजे.

- अलीकडचं वीजबिल, त्यावरचा मंजूर भार. नवा लोड त्याबाहेर जात असेल तर भारवाढीचा अर्ज आधी.
- समितीचा किंवा सर्वसाधारण सभेचा ठराव, खर्चाच्या मर्यादेसह.
- आवाराचा नकाशा, त्यावर केबलचा प्रस्तावित मार्ग आणि ड्रेनेज, पाणी, गॅसच्या लाइन.
- सिंगल लाइन डायग्राम, म्हणजे वीज कुठून कुठे जाते ते दाखवणारी साधी आकृती. ठेकेदार काढून देतो. नाही म्हणाला तर दुसरा ठेकेदार बघा.
- ठेकेदाराच्या विद्युत परवान्याची आणि सुपरवायझरच्या प्रमाणपत्राची प्रत. मुदत तपासा.
- किमान तीन कोटेशन. प्रत्येकात केबलचं पूर्ण नाव, आयएस क्रमांक, जाडी, मीटरचा दर, खोदाईचा दर, जॉइंट किटचं आणि ग्लँडचं (केबल पॅनलमध्ये शिरते तिथे तिला घट्ट पकडणाऱ्या जोडाचं) वर्णन वेगळं लिहिलेलं.
- सार्वजनिक रस्ता ओलांडायचा असेल तर महापालिकेची किंवा ग्रामपंचायतीची खोदाईची परवानगी.

मीटरच्या अलीकडची, म्हणजे ट्रान्सफॉर्मर किंवा फीडर पिलरपासून (कंपनीच्या वीजवाटप पेटीपासून) मीटरपर्यंतची केबल वीज कंपनीच्या अखत्यारीत येते. तिला स्वतःहून हात लावू नका. स्वतःच्या ठेकेदाराकडून ते काम करायचं असेल तर कंपनीच्या मंजुरीने आणि देखरेखीखाली करण्याची पद्धत आहे. त्याचं अंदाजपत्रक उपविभागीय कार्यालयातून मिळतं.

खोदण्याआधी गॅस कंपनीला आणि इंटरनेटवाल्यांना विचारा. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये "कॉल बिफोर यू डिग" हे ॲप यासाठीच सुरू केलं. रस्त्यालगतच्या खोदाईला ते उपयोगी आहे. आवारातल्या लाइनची माहिती मात्र तिथे मिळणार नाही. ती जुन्या प्लंबरला आणि माळीकाकांना विचारा. आमच्याकडे गॅसचा पाइप कुठे वळतो हे फक्त माळीकाकांनाच माहीत होतं.

### ६. माल ताब्यात घेताना

ड्रम उतरला की सही करण्याआधी अर्धा तास द्या.

बाहेरच्या आवरणावर निर्मात्याचं नाव, आयएसआय चिन्ह, "इलेक्ट्रिक", ११०० व्होल्ट, जाडी आणि वर्ष उमटवलेलं असतं. आयएसआय चिन्हासोबतचा परवाना क्रमांक "बीआयएस केअर" ॲपमध्ये टाकून पाहता येतो. बहुतेक चांगल्या केबलवर दर मीटरला चढता आकडा छापलेला असतो. दोन टोकांच्या आकड्यांची वजाबाकी म्हणजे लांबी. आम्हाला १६५ मीटरचं बिल होतं, वजाबाकी १६५ आली.

दोन्ही टोकांना टोपी हवी. टोपी नसलेली केबल पावसात उभी राहिली असेल तर पाणी कोअरच्या तारांमधून आत ओढलं जातं आणि ते बाहेरून दिसत नाही. अशी केबल परत पाठवा.

जाडीत फसवणूक होते ती अशी: नाव १२०, आत धातू कमी. पट्टीने मोजून हे कळत नाही. मानकातही कंडक्टरची खरी परीक्षा रेझिस्टन्सचीच आहे. १२० च्या अॅल्युमिनियमला १६५ मीटरला २० अंशांना ०.०४२ ओहमपेक्षा जास्त यायला नको. साध्या मल्टिमीटरने हे मोजता येत नाही, मायक्रोओहममीटर लागतो. भाड्याने मिळतो, आणि मोठ्या खरेदीला तो खर्च करण्यासारखा आहे. कारखान्याचं टेस्ट सर्टिफिकेट ड्रम नंबरसह मागा आणि तो नंबर ड्रमवरच्या नंबराशी स्वतः जुळवा.

आणि ड्रमवरच पहिला मेगर करून घ्या. आकडा लिहून ठेवा.

### ७. चर

केबल टाकण्याची भारतीय पद्धत आयएस १२५५ मध्ये आहे. तिच्यातली खोली पाठ करा: एलटी केबल ७५ सेंटिमीटर, ११ केव्हीपर्यंतची ९० सेंटिमीटर, २२ आणि ३३ केव्हीची १०५ सेंटिमीटर, रस्ता ओलांडताना एक मीटर. चर खणताना रोज संध्याकाळी मी काठी घेऊन मोजायचो. कडक मुरूम किंवा खडक लागला की बिगारी खोली कमी करतात, आणि त्यांचंही बरोबर असतं, कारण त्यांचा दर मीटरवर ठरलेला असतो. खडकाचा दर आधीच वेगळा ठरवा.

पाण्याच्या आणि गॅसच्या पाइपपासून ३० सेंटिमीटर, टेलिफोन आणि इंटरनेटच्या केबलपासूनही ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. ड्रेनेजच्या चेंबरजवळून जाणं टाळाच.

चराच्या तळाशी टोकदार दगड, विटांचे तुकडे, काचा राहू देऊ नका. त्यावर तीन-चार इंच वाळू, त्यावर केबल, पुन्हा तेवढीच वाळू, मग आडव्या विटा किंवा सिमेंटच्या फरशा, मग चाळलेली माती. त्या मातीत, वरून साधारण फूटभर खाली, धोक्याची प्लास्टिक पट्टी. पुढे कुणी जेसीबी लावला तर आधी पट्टी वर येते. आमच्या जुन्या केबलवर वाळूही नव्हती आणि विटाही. सगळा बांधकामाचा राडारोडा तिच्यावर ढकललेला होता. तिच्या आवरणावर दगडांचे ठसे उमटलेले मी बोटाने चाचपले आहेत.

पार्किंग, गेट आणि टँकरचा रस्ता इथे पाइपातून न्या. दुहेरी भिंतीचा डीडब्ल्यूसी पाइप चालतो, जास्त वजनाखाली ह्यूम पाइप (सिमेंट काँक्रीटचा). पाइपाचा व्यास केबलच्या किमान दीडपट घ्या आणि शेजारी एक रिकामा पाइप टाकून ठेवा. पुढच्या केबलला रस्ता फोडावा लागणार नाही.

### ८. केबल ओढणं

१२० ची साडेतीन कोअर केबल मीटरला दोन किलोच्या आसपास भरते. ड्रम जॅकवर चढवून, आडव्या दांड्यावर फिरवत केबल वरून सोडायची. ड्रम जमिनीवर आडवा पाडून वेटोळी काढली तर केबलला पीळ बसतो. चरात दर दोन-तीन मीटरवर रोलर, आणि माणसं हाताने पुढे नेणारी. जेसीबीला बांधून ओढू देऊ नका. आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीनंतर तसा प्रयत्न झाला. मी तो थांबवला, आणि आठ माणसं जास्तीची लावून अडीच तासांत काम झालं.

वळणाची त्रिज्या एलटी मल्टीकोअरला केबलच्या व्यासाच्या किमान १२ पट. चार सेंटिमीटरच्या केबलला जवळपास अर्धा मीटर. काटकोनात वळवलेली केबल लगेच बिघडत नाही, आतलं इन्सुलेशन मात्र एका बाजूने ताणलेलं राहतं. चरात केबल ताठ न ठेवता किंचित नागमोडी टाका आणि दोन्ही टोकांना दोन-दोन मीटरचा लूप सोडा. टोक कधी जळलं तर हाच लूप नव्या जॉइंटचा खर्च वाचवतो.

### ९. टोकं आणि जॉइंट

केबल कारखान्यात तपासून येते, टोकं मात्र आपल्या आवारात, धुळीत बनतात. म्हणून माझा सगळा वेळ मी इथे दिला.

मध्ये जॉइंट येऊच नये असं बघा. १५० मीटरला अखंड केबल सहज मिळते. ठेकेदार "उरलेले दोन तुकडे स्वस्तात देतो" म्हणाला तर नको म्हणा. जॉइंट करणं भागच असेल तर रेझिनचं किंवा हीट श्रिंकचं किट त्या जाडीचंच हवं, आर्मर जॉइंटच्या आरपार तांब्याच्या वेणीने जोडलेलं हवं, आणि जागा उंचावर, पाणी न साचणारी.

लग (कंडक्टरच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा, जो बोल्टने जोडतात) बसवण्याआधी अॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर वायर ब्रशने घासून लगेच कंपाउंड लावलं पाहिजे, कारण तो थर काही क्षणांत पुन्हा धरतो. क्रिम्पिंग, म्हणजे लग दाबून बसवणं, त्या जाडीच्या डायने, हायड्रॉलिक टूलने. हातोडीने ठोकलेला लग बाहेरून छान दिसतो आणि उन्हाळ्यात जळतो. पॅनलचा बसबार (आतली वीज वाटणारी धातूची पट्टी) तांब्याचा असेल तर तांबं-अॅल्युमिनियमचा बायमेटॅलिक लग घ्या. हे दोन धातू ओलीत एकमेकांना थेट टेकले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं.

ग्लँड उघड्यावर असेल तर डबल कॉम्प्रेशन. ती आर्मरलाही पकडते आणि बाहेरच्या आवरणालाही. आर्मरची अर्थिंगची तार दोन्ही टोकांना स्वतः ओढून बघा. पाइपांची तोंडं शेवटी फोम किंवा पुट्टीने बंद करा. उंदीर पॅनलमध्ये याच वाटेने येतात.

### १०. मेगर, तीन वेळा

ड्रमवर एकदा, चरात टाकल्यावर वाळू पसरण्याआधी एकदा, आणि टोकं बनवल्यावर जोडण्याआधी एकदा. एलटीला १००० व्होल्टचा मेगर. प्रत्येक फेज दुसऱ्या फेजशी, प्रत्येक फेज न्यूट्रलशी, आणि चारही कोअर आर्मरशी. नव्या आखूड केबलला शेकडो मेगाओम यायला हवेत. एक फेज बाकीच्यांपेक्षा फार कमी दाखवत असेल तर आकडा "पास" असला तरी थांबा. पावसाळी हवेत टोकावरच्या दमटपणानेही आकडा पडतो, कोरड्या कापडाने पुसून पुन्हा घ्या. चाचणीनंतर प्रत्येक कोअर अर्थला टेकवून डिस्चार्ज करायला वायरमनला आठवण करा, केबलमध्ये चार्ज उरतो.

आमच्या दुसऱ्या मेगरला पिवळ्या फेजचा आकडा पडला. शोधलं तर एका ठिकाणी पहारीचा घाव आवरण आणि आर्मरच्या पट्ट्यांमधून आत गेला होता. केबल उघडी होती म्हणून वीस मिनिटांत सापडला. घाव मागच्या टोकाजवळ होता, तेवढा भाग कापला आणि लूपमधली लांबी पुढे सरकवली.

चालू करण्याआधी जनरेटर आणि सोलर इन्व्हर्टर दोन्ही बाजूंनी बंद आणि कुलूपबंद आहेत ना, ते पाहा. उलटी येणारी वीज मीटर रूमचा ब्रेकर पाडून थांबत नाही. मग फेजचा क्रम तपासा, नाहीतर पंप आणि लिफ्ट उलट्या फिरतील. पूर्ण लोड आल्यावर तासाभराने प्रत्येक लगचं तापमान थर्मल गनने घ्या. आमच्याकडे एक लग शेजाऱ्यांपेक्षा १८ अंशांनी जास्त होता. वीज बंद करून उघडला, बोल्ट सैल निघाला.

### ११. बुजवण्याच्या दिवशी

माती टाकण्याआधी मी संपूर्ण चराचे फोटो काढले, दर पाच मीटरला टेप पसरून. भिंतीपासून किती, झाडापासून किती, कुठे वळण, कुठे पाइप सुरू, कुठे रिकामा पाइप संपतो. त्यावरून नकाशा काढून त्याच्या तीन प्रती केल्या: एक फायलीत, एक मीटर रूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लॅमिनेट करून, एक सोसायटीच्या ईमेलवर. वळणांवर आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना सिमेंटचे "केबल" लिहिलेले छोटे दगड पुरले.

चरातली माती सहा-सहा इंचांच्या थरांत दाबून भरायला लावा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा एकदा चक्कर मारा. जिथे माती खचली असेल तिथे ती त्याच आठवड्यात भरून घ्या. मेगरचे तिन्ही आकडे, सर्टिफिकेट, बिलं आणि ठेकेदाराचा काम पूर्ण झाल्याचा अहवाल त्याच फायलीत लावा, आणि दरवर्षी पावसाळा संपल्यावर, वीज बंद करून, चौथा आकडा त्यांच्या खाली लिहीत जा. आमच्या फायलीत तो रकाना मी आताच आखून ठेवला आहे.